डबा कांडल्याचा, तेल कुठल्या मातीचं?

दिवाळीच्या तीन आठवडे आधी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात पामोलिनचा पहिला डबा फुटतो. सासूबाई गेली तीस वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेतात. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, हातोडी आणि जुना पेचकस. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोकं पाडायची, एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. शेव पामोलिनमध्येच का तळायची, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सांगितलं होतं. हे तेल पुन्हा पुन्हा तापवलं तरी टिकतं, शेव लवकर खवट होत नाही आणि शेंगदाणा तेलाच्या मानाने भाव परवडतो. इंदूरच्या लहानमोठ्या नमकीनवाल्यांचा हिशेबही फार वेगळा नसतो.

डबे आणायला मी सियागंजातल्या घाऊक बाजारात जाते. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराला सहज विचारलं, हे तेल कुठलं? ते म्हणाले, “भाभीजी, कांडला का माल है.” त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. आपल्या बाजारात पाम तेलाचं गाव म्हणजे बंदर. गहू सिहोरचा, लसूण मंदसौरचा, मिरची निमाडची. पण पाम तेल कांडल्याचं. जणू ते समुद्रातच पिकतं.

या उत्तराने मी अस्वस्थ झाले, कारण त्या सुमारास मी पीटच्या जमिनींबद्दल वाचत होते. भारत हा जगातला सर्वांत मोठा पाम तेल आयात करणारा देश आहे. अलीकडच्या वर्षांत साधारण ७५ ते ९८ लाख टन तेल दरवर्षी येतं, आणि त्यातलं बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. हे तेल कोणत्या मातीतून आलं, हे आयातीच्या दारात विचारलं गेलं पाहिजे, आणि तो प्रश्न विचारणं सरकारचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. पाम खाऊ नका असं मी म्हणत नाही. तसं का म्हणत नाही, तेही पुढे सांगते.

आधी मातीबद्दल. पीट हा शब्द आपण ऐकतो तो कोकोपीटमुळे, नर्सरीतून आणतो त्या ठोकळ्यामुळे. तो नारळाचा भुसा असतो. खरं पीट पाणथळ जागी तयार होतं. झाडांची पानं, मुळं, खोडं पाण्यात पडतात, तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे ती धड कुजत नाहीत आणि थरावर थर साचत जातात. हे काम फार सावकाश चालतं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे पाच मीटर जाडीचा थर साचायला पाच हजार वर्षं लागतात. आपल्या माळव्यातली काळी माती खडकाची झीज होऊन बनलेली. तपासणीच्या कार्डावर सेंद्रिय कर्ब पाऊण टक्क्याच्या वर दिसला तर शेतकरी खूश होतो. वाळवलेल्या पीटमध्ये वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग कार्बनच असतो. म्हणून पीट जमिनीच्या फक्त ३ टक्के भागावर असूनही जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमध्ये मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त कार्बन धरून आहे.

आता या जमिनीवर शेती करायची तर पहिलं काम म्हणजे पाणी काढणं. कालवे खोदायचे, पातळी खाली न्यायची. इंदूरकराला यापुढचं समजावून सांगायला नको, कारण आपल्यापैकी कितीतरी घरांच्या गच्चीवर कंपोस्टचा ड्रम आहे. ओला कचरा पाण्याने थबथबलेला आणि दाबून ठेवला तर महिनोन्महिने तसाच राहतो. काठीने खालीवर केला, हवा लागू दिली, की झपाट्याने कुजतो आणि काठोकाठ भरलेला ड्रम अर्ध्यावर येतो. तो उरलेला अर्धा कुठे गेला? बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. पाणी काढलेली पीटची जमीन म्हणजे जिल्ह्याएवढा कंपोस्टचा ढीग, फरक इतकाच की त्यात पडलेला पालापाचोळा हजारो वर्षांचा आहे. वरून नत्राचं खत घातलं की नायट्रस ऑक्साइडही निघतो, आणि त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटीहून जास्त.

आणि ड्रम जसा रिकामा होतो तशी जमीनही खचते. उष्ण प्रदेशात कालवे खोदल्यावर पहिल्या पाच वर्षांत जमीन मीटरभराहून जास्त खाली बसते आणि मग दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या बाजूला व्हिटल्सी नावाचं मोठं तळं उपसून शेती केली, तेव्हा तिथल्या पीटमध्ये १८५१ साली एक लोखंडी खांब जमिनीशी माथा सपाट ठेवून पुरला होता. आज तो खांब चार मीटर उघडा उभा आहे. खांब जागचा हलला नाही, त्याच्या भोवतीची जमीन गेली.

जगात पीटच्या एकूण क्षेत्रापैकी साधारण १२ टक्के अशा प्रकारे कोरडं किंवा खराब झालेलं आहे. एवढ्याशा जमिनीतून माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ४ टक्के बाहेर पडतं, आणि आग लागली की त्यात आणखी भर. विमानांच्या धुराबद्दल आपण किती बोलतो! या मातीबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती धूर काढत नाही, आवाज करत नाही, हिरवीगार दिसते.

हा हिशेब मी आमच्या डब्यापर्यंत आणून पाहिला. पाणी काढलेल्या पीटवरच्या पाम लागवडीसाठी हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळाने, आयपीसीसीने, धरलेला आकडा हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन असा आहे, म्हणजे सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड. चांगल्या बागेत हेक्टरी चार टनांच्या आसपास तेल निघतं. म्हणजे एका किलो तेलामागे नुसत्या मातीतून दहा किलो कार्बन डायऑक्साइड. पंधरा किलोच्या डब्यामागे दीडशे किलो. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो निघतो, तेव्हा तो डबा झाला ६५ लिटर पेट्रोलचा. आमच्या स्कूटरला महिन्याला साडेपाच लिटर लागतं. पूर्ण पीटवरच्या तेलाचा एक डबा म्हणजे आमच्या स्कूटरचं वर्षभराचं पेट्रोल, आणि सासूबाई एका दिवाळीत असे चार डबे फोडतात. आमचा डबा पूर्णपणे पीटवरचा नसेल, तेलं मिसळूनच येतात. पण त्यात किती वाटा पीटचा, हे मला कळायला मार्ग नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

ही गोष्ट फक्त पामची आहे असं समजू नये. पीट कोरडं करून भात पिकवण्याचा सगळ्यांत मोठा प्रयोग इंडोनेशियाने केला, आणि तो मला पामपेक्षाही जास्त छळतो, कारण त्यामागचं कारण आपल्या अगदी ओळखीचं आहे. १९८४ च्या सुमारास तो देश तांदळाबाबत स्वयंपूर्ण झाला होता. पुढे जावा बेटावरची उत्तम भातखाचरं शहरांखाली आणि कारखान्यांखाली जाऊ लागली, आयात वाढली. तेव्हा अध्यक्ष सुहार्तो यांनी १९९५ च्या अखेरीस ठरवलं की बोर्निओ बेटावरच्या मध्य कालीमंतान प्रांतातली दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणायची. १९९६ पासून चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खोदले गेले, जंगल तोडलं, जावावरून हजारो कुटुंबं नेऊन वसवली. भात पिकलाच नाही म्हटलं तरी चालेल. पीट आम्लधर्मी आणि निकस, शिवाय कित्येक ठिकाणी त्याच्या खालच्या मातीतलं गंधकाचं खनिज हवा लागताच आम्ल सोडायला लागलं. कालव्यांनी पाणी मात्र चोख वाहून नेलं. १९९७ मध्ये एल निनोचा दुष्काळ आला आणि ती कोरडी झालेली जमीन पेटली. पीट जमिनीच्या आतून जळतं. वरून विझल्यासारखं दिसतं, खाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहतं, आणि बऱ्याचदा मोठा पाऊस आल्यावरच विझतं. त्या एका वर्षात इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन गेला असा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या कोळसा-तेल-वायूच्या त्या काळच्या वार्षिक उत्सर्जनाच्या तो १३ ते ४० टक्के भरतो. सुहार्तोंची सत्ता गेल्यावर प्रकल्प गुंडाळला गेला. कालवे राहिले. २०१५ मध्ये इंडोनेशियात पुन्हा २६ लाख हेक्टर क्षेत्र जळलं, सिंगापूर-मलेशियापर्यंत आकाश पिवळं झालं, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलर्सचं धरलं.

जावातली खाचरं गेली म्हणून बोर्निओतली दलदल उपसली, हे वाचताना मला इंदूरच्या कडेचा सुपर कॉरिडॉर, तो नवा रुंद रस्ता, आठवला. माझ्या माहेरच्या माणसांनी जिथे गहू-हरभरा पाहिला तिथे आज प्लॉटांचे दगड आहेत. काळी माती एकदा फरशीखाली गेली की तिच्या बदल्याचं धान्य आणि तेल दुसरीकडून यावं लागतं. ते दुसरीकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न नकाशे मंजूर करताना कोणी विचारलेला मी तरी ऐकला नाही.

आता पाम सोडा असं मी का म्हणत नाही? इंदूरमध्ये हे म्हणणं फार सोपं आहे. आपण सोयाबीनच्या मुलखात राहतो, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे आहे, सोया प्रक्रिया उद्योगाच्या संघटनेचं मुख्यालय इथे आहे. परदेशी पाम नको, आपलं सोया तेल घ्या, या घोषणेला इथे टाळ्या हमखास मिळतील. पण हिशेब करून बघा. आपल्याकडे सोयाबीन हेक्टरी टनभर होतं, त्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हेक्टरी १८० किलो. पामचं चार टन. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायला वीसपट जमीन लागेल. सोयाबीनची पेंड निघते, तो फायदा मान्य करूनही एवढी जमीन आपल्याकडे नाही, आणि ब्राझीलकडून आणायचं तर तिथेही जंगलच तुटतं. पामचं झाड गुन्हेगार नाही. जगातला बहुतेक पाम साध्या खनिज मातीवर उभा आहे आणि त्याच्या मातीतून दरवर्षी असा ४० टनांचा हिशेब निघत नाही. झाड तेच, फळ तेच, तेल तेच. मातीने सगळा फरक पडतो. म्हणून “पामविरहित” अशी चिठ्ठी पाकिटावर चिकटवली की माझं समाधान होत नाही. मला पीटविरहित पाम हवा आहे.

आपल्याकडे खाद्यतेलाच्या धोरणावर चर्चा होते ती आयात शुल्कावरून. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलांवरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं. मे २०२५ मध्ये ते १६.५ वर आणलं. पहिल्या वेळी सोयाबीन उत्पादकाचा भाव डोळ्यापुढे होता, दुसऱ्या वेळी ग्राहकाची महागाई. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण शुल्क ठरवताना तेल कच्चं की शुद्ध केलेलं एवढाच भेद केला जातो. ज्या तेलामागे किलोला दहा किलो वायू गेला ते आणि ज्यामागे तसं काही नाही ते, दोघांना एकच दर. मग घेणारा स्वस्तातलं स्वस्त घेणार, त्याला दोष कसा देणार?

यावर पहिली हरकत येते की तेल समुद्रापार जाईपर्यंत दहा ठिकाणी मिसळतं, माग कसा काढणार. पण पामच्या फळाचा एक गुण इथे आपल्या बाजूचा आहे. घड तोडल्यावर साधारण दिवसभरात वाफवून दाबावा लागतो, नाहीतर तेलात आम्ल वाढून दर्जा पडतो. त्यामुळे फळ फार लांब जाऊच शकत नाही. तेलाच्या गिरण्या बागांच्या आसपासच असतात. गिरणी कळली की तिच्या भोवतीची जमीन कळते, आणि पीट कुठे आहे याचे नकाशे आहेत. मोठे तेलव्यापारी ज्या गिरण्यांकडून माल घेतात त्यांच्या याद्या युरोपातल्या ग्राहकांसाठी प्रसिद्धही करतात. शाश्वत पाम तेलासाठी काम करणाऱ्या आरएसपीओ या संस्थेने २०१८ पासून पीटवर नवी लागवड करायला सभासदांना बंदी घातली आहे. म्हणजे माहिती आहे. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक असलेला भारत ती मागत नाही, एवढंच.

गरिबाचं तेल महागेल, ही हरकत मी हलकी समजत नाही. आमच्याकडे फराळ घेणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायकाही आहेत, पाव किलो शेवेवर दोन रुपये वाढले तर त्या थांबतात. म्हणून सुरुवात शुल्कापासून न करता माहितीपासून करावी. आयातदाराने प्रत्येक जहाजामागे गिरण्यांची यादी द्यावी, त्यातल्या किती पीटच्या भागातल्या ते सांगावं. याला खर्च नगण्य आहे. त्यानंतर सरकारी खरेदी. तामिळनाडूत रेशनवर पामोलिन दिलं जातं, त्यासाठी निविदा निघतात. अशा निविदेत पीटवरचं तेल चालणार नाही ही एक अट घातली तर पुरवठादार शोधून आणतील. शुल्कातला फरक शेवटी. त्यावर जागतिक व्यापार संघटनेत भांडण होईल हे मला माहीत आहे, इंडोनेशिया आणि मलेशियाने युरोपला तिथे खेचलं होतंच.

दुसरी हरकत मला जास्त बोचते. श्रीमंत देशांनी आपल्या दलदली कधीच उपसून खाल्ल्या, आता इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला आपण कोण? जर्मनीत शेतजमिनीचा साधारण ७ टक्के भाग कोरड्या केलेल्या पीटवर आहे आणि शेतीशी जोडलेल्या उत्सर्जनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तिथून येतं. तेव्हा बोट फक्त पूर्वेकडे दाखवणं अन्यायाचं. इंडोनेशियातल्या पाम लागवडीचा ४० टक्के वाटा लहान शेतकऱ्यांकडे आहे. दोन हेक्टरवाल्याला बाग उपटून टाक म्हणणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. पण बाग न उपटताही बरंच करता येतं, ते म्हणजे पाण्याची पातळी वर आणणं. मातीचा जितका जाड थर हवेला उघडा, तितकं कुजणं जास्त. कालव्यांत लहान बांध घालून पाणी अडवलं की उत्सर्जन कमी होतं आणि आगीचं भयही. त्या देशाच्या नियमात पीटखालचं पाणी ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये असं लिहिलेलं आहे. २०१६ मध्ये त्यांनी पीट पूर्ववत करण्यासाठी वेगळी यंत्रणाही उभी केली. पाणी परत भरलं की थोडा मिथेन निघतो, हे खरं. मिथेन काही वर्षांत हवेतून नाहीसा होतो, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, म्हणून हिशेब ओल्या पीटच्याच बाजूचा राहतो. हे सगळं करायला पैसा लागतो, आणि जो देश त्यांचं सर्वांत जास्त तेल विकत घेतो त्याने बांध घातलेल्या बागेच्या तेलाला दोन पैसे जास्त दिले तर तो उपदेश होत नाही, तो भाव होतो.

आकडेमोडीची एक अडचण इथे सांगायलाच हवी. देशोदेशींच्या उत्सर्जनाच्या नोंदीत पीटमधून गेलेला वायू जिथे जमीन आहे त्या देशाच्या नावावर चढतो. शेव इंदुरात खाल्ली तरी खातं जकार्ताचं. आपल्या नोंदीत हे सगळं शून्य दिसतं, म्हणून आपल्याकडच्या कुठल्याच खात्याला ते आपलं काम वाटत नाही.

आणि आता आपण स्वतः पाम लावतो आहोत. २०२१ मध्ये ११,०४० कोटींची राष्ट्रीय योजना मंजूर झाली, भर ईशान्य भारतावर आणि अंदमानावर. तेल घरचं असावं या विचाराला माझा विरोध नाही. पण कुठली जमीन नक्की चालणार नाही, हे रोप लावायच्या आधी कागदावर यायला हवं. आपल्याकडेही अशा माती आहेत. केरळच्या कुट्टनाडमधल्या काळ्या, आम्लधर्मी “करी” जमिनी, मणिपूरच्या लोकतक सरोवरावर तरंगणाऱ्या फुमडी, म्हणजे वनस्पतींचे जाड थर, निलगिरीच्या माथ्यावरच्या दलदली. क्षेत्र लहान आहे, म्हणूनच ते वाचवणं स्वस्त आहे. आपल्या सिरपूर आणि यशवंत सागरला २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली तेव्हा शहरात केवढा आनंद झाला होता. ती दोन्ही माणसाने बांधलेली तळी, तिथे पीट नाही, पण पाणथळ जागा म्हणजे पडीक जागा नव्हे एवढं इंदूरने त्या निमित्ताने मान्य केलं. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायला घराघरांतल्या माणसांनी हात लावला तो २०१६-१७ मध्ये, आणि त्याआधी हे इथे होणार नाही असं म्हणणारे कितीतरी जण मला आठवतात. पाकिटावर मातीचं नाव छापणं त्यापेक्षा कठीण नाही.

गेल्या दिवाळीत मी सियागंजात त्याच दुकानात गेले आणि कांडल्याच्या आधीचं गाव विचारलं. दुकानदारांनी आधी डबा फिरवून चारही बाजूंनी पाहिला. मग कांडल्याच्या दलालाला फोन लावला. दलालाने आपल्याकडचे जहाजाचे कागद काढले, आणि चहा येईपर्यंत उत्तर आलं. माल दुमाई बंदरात भरला होता. दुमाई सुमात्राच्या रिआउ प्रांतात आहे, आणि सुमात्रात सर्वांत जास्त पीट त्याच प्रांतात. गिरणीचं नाव दलालाकडे नव्हतं, पण ते रिफायनरीवाल्याकडे असेल, असं तो म्हणाला. दुकानदारांनी “दुमाई” हा शब्द पावतीच्या मागे पेनाने लिहून दिला आणि मला विचारलं, “ये जगह ठीक नहीं है क्या?”

मी त्यांना कंपोस्टच्या ड्रमपासून सांगायला सुरुवात केली.